‘हाताची घडी, तोंडावर बोट’ बंद करून वर्गात खेळ आणावेत का?

जावळीचे_गुरुजी
आमची द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, पलीकडे तिसरी-चौथी. माझं मत सरळ आहे: ‘गप्प बसा’ म्हणून ओरडायचं सोडा, खेळ घ्या. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. मास्तर ओरडला की पोरं त्याच्या वर जाणारच.

मी हलगीच्या ठेक्यात टाळ्या वाजवतो, अर्ध्यावर थांबतो, उरलेला ठेका मुलं पुरा करतात. ठेका सारखा बदलावा लागतो, नाहीतर हात वाजतात आणि तोंडंही चालूच राहतात. आवाजाच्या तीन पायऱ्या ठरवल्यात: मुंगी, कुजबुज, मैदान. गटकाम कुजबुजीत. कधी डोळे मिटून बाहेरचे आवाज मोजायचे: एसटी, कोंबडा, पिठाची गिरणी. जुलैत मात्र पत्र्यावर पाऊस कोसळला की टाळीसुद्धा ऐकू येत नाही. तेव्हा मी हात वर करतो. जो बघेल त्यानं हात वर करून गप्प व्हायचं.

निवृत्त_हेडमास्तर_कराड
गुरुजी, कौतुक आहे, पण पटत नाही. छडीची वकिली करत नाही मी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घातली, योग्यच केलं. पण एका तासात पाच-सहा वेळा टाळ्या, मग मुंगी, मग मैदान... वाचन कधी घेता? मुलाला गोष्टीत गुंतवलं की खेळ लागत नाही. आणि ते आवाज मोजणारं मोबाईलचं ॲप तर बघूच नका. काटा लाल व्हावा म्हणून पोरं मुद्दाम किंचाळतात.

मिरजेची_आई
माझा राग वेगळाच आहे. मुलीच्या वर्गात ‘शांत गटाला तारा’ असा खेळ आहे. एका मुलाला एका जागी बसवतच नाही. त्याच्यामुळे तारा गेला की डब्याच्या सुट्टीत त्याला कोणी जवळ घेत नाही. पूर्वी एक मॉनिटर फळ्यावर नावं लिहायचा. आता अख्खा गट मॉनिटर झालाय. याला खेळ म्हणायचं?

जावळीचे_गुरुजी
ताई, तो दोष तारे वाटण्याच्या पद्धतीचा. अमेरिकेत १९६९ मध्ये चौथीच्या वर्गात असाच गटांचा खेळ करून पाहिला होता. त्यात चुकांची मर्यादा ठरलेली होती आणि तिच्या आत राहिले तर दोन्ही गट जिंकायचे. शेजारच्या गटाला हरवायची गरजच नव्हती.

मिरजेची_आई
दोन्ही जिंकले तर बरं. पण मर्यादा ओलांडली की बोट त्याच पोराकडे जाणार ना, सर?

जतची_बाई
आमच्याकडे निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. मी मराठीत सांगितलेलं ती एकमेकांना कन्नडमधून समजावतात. बाहेरून येणाऱ्याला तो गोंगाट वाटतो, पण तिथेच तर शिकणं चाललेलं असतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे. फरशीवर आखलेल्या आकृत्यांभोवती गटानं बसायचं, म्हणजे बोलणं आलंच. मुंगीची पायरी दिवसभर लावाल तर बोलणारं पोर मुकं कराल. सूचना देण्यापुरतं गप्प केलं, बास.

निवृत्त_हेडमास्तर_कराड
बाईंचं पटलं. आणि खेळच हवा असेल तर मारिया माँटेसरींचा शांततेचा खेळ घ्या. मुलं स्तब्ध बसतात, बाई शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत्या आवाजात घेतात. ज्याचं नाव येईल त्यानं पाय न वाजवता उठून जायचं. तारा नाही, गुण नाही. आपलं नाव ऐकू यावं म्हणून मूल स्वतःच गप्प राहतं.

जावळीचे_गुरुजी
हेडमास्तर, म्हणजे खेळ चालतो तर! फक्त माझा नको 😄 आणि मी शेजारच्या खोलीत गेलो तर इकडे काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?

सांगलीचा_सिव्हिलवाला
सगळं पोरांवर ढकलू नका. १९९९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर नको. आपल्या खोल्या कशा? वर पत्रा, खाली शहाबादी, भिंती उघड्या. प्रत्येक शब्द घुमतो. बाक सरकला तरी कानठळ्या. भिंतीला जाड सतरंजी किंवा पोती टांगा, बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा. पंक्चरवाला फुकट देतो. मग टाळ्या वाजवा.

जतची_बाई
पोती मिळतील. पण बाकांचं कुठलं काढलंत दादा, आमची पहिली-दुसरी सतरंजीवर बसते. तीच भिंतीवर टांगली तर पोरांना बसवू कशावर?