सवलत आहे, मुभा नाही
इंग्लंडमध्ये स्वसंरक्षणाच्या कायद्यातील २०१३ च्या दुरुस्तीनंतर घरात शिरलेल्या चोराला ठार मारले तरी कायदा हात लावत नाही, या विधानाशी मी सहमत नाही. घरमालकाला त्या क्षणी परिस्थिती जशी वाटली, तिच्या मानाने त्याने वापरलेले बळ घोर प्रमाणाबाहेरचे असेल तर स्वसंरक्षणाचा बचाव आपोआप कोसळतो. मात्र त्याहून कमी बळही वाजवी होते की नाही हे ज्युरीनेच ठरवायचे असते, असे उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. शिवाय घरमालकाला काहीसे जास्त बळ वापरण्याची ही सवलत जिवाच्या रक्षणापुरती आहे, मालमत्तेच्या नव्हे.

या वादात टोनी मार्टिन या शेतकऱ्याचे नाव हमखास निघते. ऑगस्ट १९९९ मध्ये नॉरफोकमधल्या आपल्या शेतघरात त्याने रात्री विनापरवाना बंदूक चालवली आणि चोरीसाठी शिरलेला १६ वर्षांचा मुलगा पाठीत छर्रे लागून दगावला. खुनाची जन्मठेप २००१ मध्ये अपिलात सदोष मनुष्यवधाच्या ५ वर्षांवर आली खरी, पण ती त्याच्या मानसिक आजारामुळे. स्वसंरक्षणाचा मुद्दा तिथेही टिकला नाही. अंधाऱ्या घरात एकट्या माणसाला वाटलेली भीती मी खोटी मानत नाही, परंतु घरमालकांची बाजू घेणाऱ्या भाषणांत त्या मुलाचा उल्लेखही नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.