विश्वास कमी म्हणून आजार जात नाही असं सेवक म्हणाले, कृपा अशी मोजून मिळते का?

श्रीरामपूरची_लेक

सर्वांना जय ख्रिस्त. माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. आधी टेम्पो चालवायचे, आता घरीच असतात, घर माझ्या शिलाईवर आणि सासूबाईंच्या पेन्शनवर चाललंय. आमचं घराणं जुनं ख्रिस्ती, सासरे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एल्डर (कारभार बघणारे वडीलधारे) होते, म्हणजे बायबलचं वचन काय आणि प्रार्थना काय हे आम्हाला नवीन नाही. पण सध्या शेजारी एका घरी बाहेरगावचे एक सेवक, म्हणजे प्रचारक, प्रार्थना सभा घ्यायला येतात, मिस्टर तिकडे जायला लागले आणि खरं सांगते मलाही बरंच वाटलं, कारण जो माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा तो निदान टाळ्या वाजवून गाणी म्हणायला लागला.

मागच्या सभेत त्या सेवकांनी यांना पुढे बोलावलं. फिस्टुलाच्या हातावर (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून शीर जोडलेली असते तो हात) जोरात हात दाबून धरला आणि प्रार्थना केली, मग सगळ्यांसमोर म्हणाले की प्रभूने बरं केलंय पण घरात कोणाचा तरी अविश्वास आडवा येतोय, आता मशीन सोडणं हेच तुमचं विश्वासाचं पाऊल. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शिवाय विश्वासाचं बी, म्हणजे आशीर्वाद मिळावा म्हणून आधी द्यायचं दान, म्हणून पाच हजार कबूल करून घेतले, ते मी बचत गटातून उचलून देणार होते.

आता हे म्हणतात गुरुवारी डायलिसिसला जायचं नाही. मी अडवलं की मी अविश्वासी. आणि माझी तर हल्ली प्रार्थनाच होत नाही, गुडघे टेकले की डोक्यात रिक्षाभाडं, इंजेक्शनचे पैसे, उद्या द्यायचे ब्लाऊज हेच येतं. मग खरंच माझ्यामुळे अडलंय का? लहानपणापासून ऐकत आलो की तारण कृपेने होतं, आपल्या कर्माने नाही. मग आजाराच्या वेळी ती कृपा आपल्या विश्वासाच्या वजनावर कशी काय ठरते? जाणकारांनी सांगा, मिस्टरांना वचनातूनच दाखवावं लागेल, माझं ते ऐकणार नाहीत.

वसईची_नर्स

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी हे वाचा. मी बरीच वर्षं डायलिसिस युनिटला काम करते. डायलिसिस चुकलं की रक्तात पोटॅशियम चढतं, अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात जातं, माणसाला आडवं झोपता येत नाही, आणि पोटॅशियम फार चढलं की हृदय बंद पडू शकतं, कधीकधी काही कळायच्या आत. दोन डायलिसिसच्या मधला मोठा गॅप तसाही धोक्याचा असतो, त्यात एक पाळी चुकवणं म्हणजे जिवाशी खेळ. गुरुवारी काहीही करून न्या. आणि फिस्टुलाच्या हातावर कोणालाही दाब देऊ देऊ नका, मग तो हात प्रार्थनेसाठी ठेवलेला का असेना, त्या हाताला बीपीचा पट्टासुद्धा आम्ही लावत नाही. हात लावून बघा, आत थरथर जाणवते ना? ती थांबली किंवा कमी झाली वाटली तर लगेच युनिटला फोन करा.

मी कॅथलिक आहे, तुमच्याकडे शिकवणूक थोडी वेगळी असेल, पण एक सांगते. आमच्या फादरांनी एका रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला घेतला होता, मत्तय २०. मालक संध्याकाळी शेवटच्या तासालाही नाक्यावर जातो, तिथे लोक उभेच असतात, का उभे आहात विचारल्यावर म्हणतात आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आणि त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी. फादर म्हणाले की मालकाने मजुरी देताना कोणी किती घाम गाळला ते बघितलं नाही, घरी चूल पेटायला किती लागतं ते बघितलं. मी नाईट करून तशीच मिस्साला गेले होते, डोळे मिटत होते, पण ते वाक्य अजून डोक्यात आहे. तुमच्या प्रार्थनेत ब्लाऊज आणि रिक्षाभाडं येतंय तर येऊ द्या ना, तेच सांगा देवबापाला, तीच प्रार्थना.

निवृत्त_गुरुजी_नगर

बाळ, सिस्टरांनी गुरुवारचं सांगितलं ते आधी पाळ. आता वचनाचं.

मिस्टरांना २ राजे अध्याय २० काढून दे. हिज्कीया राजा मरणाला टेकलेला, देव यशया संदेष्ट्याच्या तोंडून सांगतो की मी तुला बरं करतो, आयुष्यात पंधरा वर्षं वाढवतो. इतका स्पष्ट शब्द मिळाल्यावर यशया काय करतो? अंजिराची चांदकी, म्हणजे ढेप, आणायला सांगतो आणि गळवावर बांधायला लावतो. देवाचा शब्दही खरा आणि अंजिराचा लेपही खरा, एकाने दुसऱ्याचा अपमान झाला असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. संदेष्ट्याला औषधाची लाज वाटली नाही, मग आपण कोण?

आता प्रेषित पौलाकडे ये. त्याच्या देहात काटा होता, तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. म्हणजे कृपा मिळाली आणि काटाही राहिला, दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात. त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी असताना मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. या लोकांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे? लूक, ज्याने एवढं शुभवर्तमान लिहिलं, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या केडगावचं बघ. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या किती मुलींना तिथल्या मुक्ती मिशन आश्रमात आणून जगवलं, विश्वासावर सगळं चालवलं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती पुढचं काम जायचं होतं, ती १९२१ मध्ये गेली. रमाबाई त्यानंतर वर्षाच्या आत, १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्या माउलीच्या घरात अविश्वास आडवा आला असं हे सेवक म्हणतील का? मला हे असलं प्रवचन ऐकलं की फार त्रास होतो. दुखणाईत माणसाच्या उशाशी बसून त्याच्या बायकोवर बोट दाखवायचं, ही सुवार्ता नव्हे. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं आणि शेवटी देवाचा राग कोणावर झाला ते अध्याय ४२ मध्ये आहे.

साक्षीदार_जालना

गुरुजी, आदर ठेवून बोलतो, पण अशा सभांना सरसकट नावं ठेवू नका. मी अशाच एका सभेत दारूतून सुटलो. बायको माहेरी गेलेली, पोरं मला बघून दाराआड लपायची, आणि त्या रात्री मी रडत पुढे गेलो ते परत बाटलीला हात लावला नाही. कोणी काही म्हणो, मी ते देवाचं सामर्थ्यच मानतो, आणि आजही देव किडनी बरी करू शकतो असा माझा पूर्ण विश्वास आहे. दादा तिथे गाणी म्हणायला लागले हेही काही कमी नाही ताई, ते तोडू नका.

पण मशीन सोडा हे चूक म्हणजे चूकच. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर प्रभू स्वतः काय म्हणाला? जा, याजकाला दाखव (मार्क १:४४). त्या काळी कोण शुद्ध झालं हे याजक तपासून सांगायचा. म्हणजे प्रभूला तपासणीची भीती नव्हती. दादांना म्हणा, बरं झालं असेल तर हालेलूया, गुरुवारी डायलिसिसच्या आधीचं रक्त दाखवू, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम बघू, डॉक्टर म्हणाले बंद तर बंद. तोपर्यंत चालू. हे अविश्वासाचं बोलणं नाही, वचनाप्रमाणेच आहे. आणि जो सेवक रिपोर्ट बघू नका म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

श्रीरामपूरची_लेक

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. रात्री हिज्कीयाचा अध्याय मी वाचला नाही, त्यांनाच मोठ्याने वाचायला दिला. अंजिराच्या ओळीवर थांबले, परत वाचली, काही बोलले नाहीत. मग जालन्याच्या दादांचं याजकाला दाखव हे सांगितलं तेव्हा म्हणाले, बरं, रक्त दाखवू. आज गुरुवार, गेले होते. पोटॅशियम वाढलेलंच होतं, टेक्निशियन रागावला की मागच्या वेळी तास आधीच उठून का गेलात, हे मला माहीतच नव्हतं. आता घरी झोपलेत.

दोन गोष्टी अजून विचारते. माझ्याकडून प्रार्थना होत नाही त्याचं काय करू? आणि ते पाच हजार कबूल केलेत, देवापुढे शब्द दिलाय, मोडला तर पाप लागेल का, सासूबाई त्याच धसक्यात आहेत.

वसईची_नर्स

वाचून जीव भांड्यात पडला. ताई, इंजेक्शनचे पैसे वेगळे भरताय असं दिसतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुमचं हॉस्पिटल योजनेत आहे का विचारा, तिथे आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा आणि कशाकशाचे पैसे लागणार नाहीत ते स्पष्ट विचारा. आणि नारळपाणी ताकद येते म्हणून कोणी आणून देईल, देऊ नका, पोटॅशियमच असतं त्यात.

निवृत्त_गुरुजी_नगर

मार्क अध्याय २. पक्षाघाती माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून आणलं, गर्दीत वाट मिळेना म्हणून छप्पर उसकटून खाली सोडलं. तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. बाजेवरच्याचा किती होता हे कोणी विचारलंही नाही. तू सध्या बाजेवर आहेस असं समज, वर्षभर तूच एकटी उचलत होतीस. तुमच्या मंडळीच्या पाळकांना आणि महिला मंडळाला स्पष्ट सांग की माझ्याकडून प्रार्थना होत नाही, तुम्ही करा, आणि दर पाळीला कोणीतरी मोटरसायकलवर हॉस्पिटलला सोडा. लाजू नको. मंडळी त्यासाठीच असते, नुसती हार्वेस्टच्या, म्हणजे कापणीच्या सणाच्या, लिलावाला नसते.

पैशाचं. तो शब्द तू देवाला दिला नाहीस, चारचौघांत भीती घालून तुझ्याकडून वदवून घेतला. प्रेषित पेत्राने पैसे देऊ करणाऱ्या शिमोनाला काय सुनावलं ते प्रेषितांची कृत्ये ८:२० मध्ये सासूबाईंना वाचून दाखव, देवाचं दान पैशाने मिळतं असं समजल्याबद्दल त्याला केवढं झापलंय. आणि २ करिंथ ९:७, कष्टी होऊन नाही, भाग पडतं म्हणून नाही, खुशीने द्यायचं. तेव्हा गटातून ते पाच हजार उचलू नको. आधीचं काही कर्ज असेल तर त्याचा हप्ता वेळेवर भर. ते सेवक दारात आले तर तुमच्या पाळकसाहेबांना बोलावून घे, एकटी बोलू नको त्यांच्याशी.