मुनीम ॲपमध्ये नोंद करत नाहीत, वहीच वापरतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जळगावला सॉफ्टवेअरचं काम करतो. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्यांना कापणीपासून हिशोबापर्यंतचं ॲप करून दिलं. त्यांच्या मुलाशी बोललो, पावतीपुस्तक बघितलं आणि फॉर्म केला: शेतकरी, गाव, वजन, भाव, रक्कम. सगळं भरल्याशिवाय नोंद सेव्ह होत नाही. दोन महिने झाले, मुनीम नाना वहीतच लिहितात आणि रात्री मुलगा तेच ॲपमध्ये चढवतो. काम कमी व्हायचं सोडून दुप्पट झालं.

परवा पहाटे नानांबरोबर बागेत गेलो, तेव्हा माझी चूक कळली. घड काट्यावर चढतात, मजूर वजन पुकारतो, नाना लिहितात. बोटांना केळीचा चीक, तोही वाळून काळा पडलेला. त्या हाताने मोबाइल कसा धरणार? रेंजही नाही. शिवाय कापणीच्या वेळी भाव ठरलेलाच नसतो, म्हणून वहीत ती जागा कोरी. वापसीच्या, म्हणजे हलक्या प्रतीच्या, मालाचा भाव वेगळा, तो त्याच पानावर आडवी रेघ मारून खाली. आणि ज्याचे पैसे द्यायचे राहिलेत त्याच्या पानाचा कोपरा दुमडलेला! शेतकरी दारात आला की नाना तेवढीच पानं चाळतात, लगेच हिशोब समोर. हे माझ्या फॉर्ममध्ये कुठेच नाही.

१९७० च्या दशकात नॉर्वेत संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन न्यूगार्ड यांनी धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसून, कारखान्यात येणाऱ्या संगणकावर कामगारांचं म्हणणं काय, यावर काम केलं होतं. मलाही नानांना असंच शेजारी बसवायचंय. पण काही विचारलं की ते म्हणतात, "तुम्ही शिकलेले आहात भाऊ, तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

त्यांचा मान राखून त्यांना बोलतं कसं करावं? आणि भाव कोरा ठेवून नोंद घेतली तर पुढे हिशोबात घोळ होणार नाही ना?

प्रतिसाद:

दादा, त्यांना विचारू नका, दाखवा. धुळ्याकडे कापसाच्या काट्यासाठी काम करताना मलाही हेच उत्तर मिळायचं. मग कागदावर पेन्सिलीने स्क्रीन काढली आणि आदल्या दिवशीच्या एका गाडीचे खरे आकडे त्यात भरले. काटेवाल्या काकांनी पेन्सिल हातातून घेतली, "असं नसतं" म्हणाले आणि स्वतः खोडून लिहायला लागले. मोबाइलवर तयार स्क्रीन दाखवली असती तर मान डोलावून गेले असते.

भाव बिनधास्त कोरा ठेवा. वजनाची नोंद वेगळी, भावाची वेगळी आणि त्यावर तारीख. वजन चुकलं तर जुना आकडा पुसू नका, दुरुस्ती खालच्या ओळीत दिसू द्या, शेतकऱ्याचा विश्वास त्यावरच असतो. ॲप उघडल्यावर पहिल्यांदा दुमडलेली पानंच दिसली पाहिजेत, म्हणजे पैसे बाकी असलेले. बागेत मात्र वही राहू द्या, दुपारी नाना हात धुऊन बसले की पानाचा फोटो काढता येईल.