नाशिकमध्ये चामखीळ, मस, तीळ काढून घेतलेत? अनुभव लिहा

आईच्या मानेवर मंगळसूत्र घासतं त्या ओळीत बारीक चामखिळी झाल्यात. परवा एक वाटीत अडकून खरचटली, रक्त आलं. शेजारच्या काकूंनी चुना आणि धुण्याचा सोडा लावायला सांगितलाय आणि आई तयारही झालीये. तिला थांबवून हा धागा काढतेय. कशाने काढलं, किती दुखलं, डाग राहिला का, सगळं लिहा. दवाखान्यांची नावं नकोत.

इंदिरानगरहून
मान आणि काख मिळून चौदा होत्या. डॉक्टरांनी आधी शुगर तपासून यायला सांगितलं. चामखिळीचा आणि शुगरचा काय संबंध, म्हणून मला रागच आला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.३ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्या चामखिळींनीच मला वेळेत सावध केलं असं मी मानते. काढायच्या दिवशी पाऊण तास आधी बधिर करणारं मलम लावलं, मग रेडिओफ्रिक्वेन्सीच्या यंत्राच्या बारीक टोकाने एकेक जाळली. केस जळल्यासारखा वास येतो, आईंना आधीच सांगून ठेवा. दुखणं म्हणाल तर मुंगी चावल्याएवढं. काखेतल्या जरा जास्त झोंबल्या. खपल्या आठव्या-नवव्या दिवशी आपोआप पडल्या. मंगळसूत्र पंधरा दिवस काढून ठेवलं होतं. सासूबाई काय म्हणतील ही धास्ती होती, पण त्यांनीच ते डबीत घालून कपाटात ठेवलं.

सातपूरहून
चुना-सोडा लावू देऊ नका, हात जोडून सांगतो. मी हनुवटीखाली लावला होता. चामखीळ गेली, पण भोवतीची कातडीही भाजली. चार वर्षं झाली, रुपयाएवढा डाग अजून आहे. दाढी करताना रोज दिसतो.

निफाडहून
माझे बोटांवरचे खरखरीत मस होते. ते विषाणूमुळे होतात, मानेवरच्या लोंबत्या चामखिळी वेगळ्या, हे मला डॉक्टरांकडेच कळलं. द्राक्षाच्या विरळणीत कात्री धरवेना तेव्हा गेलो. द्रवरूप नायट्रोजनने गोठवले, उणे १९६ अंशांचा असतो तो. लावताना चटका, रात्री ठणका, दुसऱ्या दिवशी फोड. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा जावं लागलं. नखाजवळचा एक परत आलाय. तो जाईपर्यंत टॉवेल आणि नेलकटर घरच्यांपासून वेगळं ठेवतोय.

पंचवटीहून
वडिलांच्या पाठीवरचा तीळ वर्षभरात वाढला होता, कडा वेड्यावाकड्या, रंग दोन तऱ्हेचा. ओळखीच्या एका पार्लरमध्ये 'दोन मिनिटांत जाळून देतो' म्हणाले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगाच्या यंत्रातून पाहिला आणि जाळायला साफ नकार दिला. भूल देऊन कापून काढला, तीन टाके घातले, तुकडा बायोप्सीला पाठवला. जाळला असता तर तपासायला काही उरलंच नसतं, हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. साधा तीळ निघाला.

कॉलेज रोडहून
कान टोचला तिथे मला केलॉइडची, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणाऱ्या जाड वणाची, गाठ आलेली. ते पाहून डॉक्टरांनी छातीवरचा मस काढायला नको म्हटलं. वाईट वाटलं, पण पटलं. आईंना जुन्या जखमेचा असा वण असेल तर आवर्जून सांगा.

गंगापूर रोडहून
गालांवरचे बारीक काळे उंचवटे काढले. आईला आणि मावशीलाही आहेत, आमच्या घरातलंच. खपली पडल्यावर सनस्क्रीनचा कंटाळा केला, ऐन एप्रिलात. त्या जागा काळवंडल्या, उजळायला पाच महिने गेले.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. सातपूरकरांचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने चुन्याची डबी स्वतःहून काकूंना परत दिली. उद्या सकाळी उपाशीपोटी शुगर, मग डॉक्टर. तिच्या गुडघ्यावर लहानपणीच्या जखमेचा जाड वण आहे, तोही दाखवणार आहे.