बर्नरचा आवाज आणि दारातल्या म्हशी

गरम हवेच्या बलूनचे पायलट मुद्दाम घरांवरून खाली येतात, अशी तक्रार इथं केली आहे, ती मला पटत नाही. बलूनला सुकाणू नसतं. वर-खाली होऊन हवा तो वारा गाठायचा, एवढंच हातात. बर्नर, म्हणजे फुग्यातली हवा तापवणारी गॅसची ज्योत, दिल्यावरही फुगा उचलायला काही सेकंद जातात. शिवाय कोल्हापूरभोवती सगळा ऊस. उभ्या उसात उतरणार कसं? मोकळं रान दिसेपर्यंत खालूनच सरकावं लागतं, तेवढ्यात वस्ती येते.

पण त्रास खरा आहे. आमचं घर पंचगंगेच्या काठाला, दारात चार म्हशी. गेल्या थंडीत आई पहाटे धार काढत असताना बलून माडाच्या शेंड्यापर्यंत आला आणि डोक्यावरच बर्नर भडकला. एका म्हशीनं दावं तोडलं, आई थोडक्यात वाचली. दुसरीनं दोन दिवस पान्हा चोरला. इथं कुणी लिहिलेलं नाही म्हणून सांगतो, बऱ्याच बलूनना कमी आवाजाचा दुसरा बर्नरही असतो. त्याची ज्योत पिवळी, फरफरती असते. परदेशातले पायलट त्याला ‘काऊ बर्नर’च म्हणतात, कारण जनावरांवरून जाताना तोच लावतात. आपल्याकडे वस्तीवरून जाताना तोच लावणार, असं आयोजकांकडून लेखी घ्या.