पळताना अंगावर येणारी पाळीव कुत्री – तुमचे अनुभव सांगा

आपल्याकडे पळायचं तर उजाडायच्या आत. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो, आठ वाजताच डांबर तापतं. मी पाचला मेहरूण तलावाकडे निघतो, आणि कुत्री फिरवणारेही त्याच वेळी बाहेर पडतात. भटक्या कुत्र्यांवर पुष्कळ बोलून झालंय. हा धागा गळ्यात पट्टा असलेल्या, पण काहीच न शिकवलेल्या कुत्र्यांसाठी.

गेल्या हिवाळ्यात एक धिप्पाड लॅब्राडोर समोरून सुटला. साखळी मालकाच्या खांद्यावर. मी जागीच थांबलो, हात छातीशी घेतले. त्याने दोन्ही पंजे छातीवर टाकले आणि मी मागच्या मागे पडलो, तळहात खडीवर सोलवटले. मालक लांबून "टायगर, टायगर" ओरडत होते. त्याने एकदाही मान वळवली नाही. जवळ येऊन म्हणाले, "काही करत नाही हो तो, खेळतोय." कुत्र्याचा मला राग आला नाही, त्याला कोणी "ये" शिकवलंच नव्हतं. जे हाकेला येत नाही ते साखळीशिवाय रस्त्यावर आणू नये, एवढंच माझं म्हणणं.

भुसावळहून :
दादा, मला चावलंच. बंगल्याचं फाटक उघडं होतं, जर्मन शेफर्ड मागून आला. पँटला दोन बारीक भोकं, आत पोटरीवर रक्त. मालकीणबाई म्हणाल्या, "त्याची इंजेक्शनं झालीत." कार्ड मागितलं तर सापडेना. घरी सासूबाई हळद घेऊन धावल्या. मी म्हटलं, आई, काही लावायचं नाही. नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुतलं आणि सरकारी दवाखाना गाठला. रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवती लसीपेक्षा वेगळं, रेबीजविरोधी सिरम टोचलं, तेच सगळ्यात दुखलं. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून एकही डोस चुकवू नका. चारही वेळा मी एकटी गेले. त्या घरातून एक फोन आला नाही, ते अजून लागतं मनाला.

धुळ्याहून :
ताई, तक्रार करता आली असती. भारतीय न्याय संहिता, कलम २९१. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

साक्रीहून :
माझा उलटा अनुभव. रस्त्याकडेला ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, बसलेला, तीन कुत्री भुंकत आली. मेंढपाळ बाबांनी जिभेने एक टक् आवाज केला, तिन्ही मेंढरांकडे परतली. मला म्हणे, "पयू नको भो, चालत जाय." पळणारं दिसलं की कुत्रं मागे लागणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी चालतो, डोळ्याला डोळा देत नाही.

अमळनेरहून :
मी त्या दुसऱ्या बाजूचा. आमचा शेऱ्या पोलीस भरतीच्या तयारीतल्या एका पोराच्या मागे लागला. पोरगं घाबरून नालीत पडलं, घोटा मुरगळला. मैदानी चाचणीला तीन आठवडे होते. ते उतरूच शकलं नाही. त्याच्या वडिलांनी मला एक शब्द बोलला नाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुताची वीस फूट दोरी आणली. शेतात शेऱ्याला लांब सोडायचं, एकदाच हाक मारायची, आला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. नाही आला तर दोरी हळू ओढायची, मारायचं नाही. आधी रिकाम्या शेतात, मग बकऱ्या दिसतील एवढ्या अंतरावर, मग माझ्या पुतण्याला शेजारून पळायला लावून. चार महिने रोज दहा-पंधरा मिनिटं दिली. आता पळणारं कोणी दिसलं की शेऱ्या आधी माझ्याकडे बघतो. "बस" म्हटलं की बसतो. तरी रस्त्यावर साखळी माझ्या मनगटालाच असते.

ते पोरगं पुन्हा तयारी करतंय. रविवारी ग्राउंडवर त्याची वेळ मी लावतो. परवा १६०० मीटर ५ मिनिटं २४ सेकंदांत आला.