१८६४ ची अमेरिकन मतपत्रिका, अस्सल की नक्कल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे ओहायोत एका जुन्या घराच्या सामानविक्रीत पुस्तकांचं खोकं घेतलं. त्यातल्या बायबलमधून वीतभर लांब, अरुंद चिठ्ठी निघाली. वर गरुड, खाली लिंकन आणि उपाध्यक्षपदासाठी अँड्र्यू जॉन्सन, मग बारीक टायपात २१ इलेक्टरांची (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची) नावं. विरोधातल्या मॅक्लेलनचा पत्ताच नाही! आधी वाटलं, प्रचाराचं पत्रक असेल. मग कळलं, तेव्हा मतपत्रिका सरकार छापत नसे. पक्ष आपापल्या छापून वाटायचे, मतदार तीच पेटीत टाकायचा. १८६० मध्ये दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत लिंकनच्या नावाची चिठ्ठीच नव्हती. मत द्यायचं म्हटलं तरी टाकणार काय? १८६४ ला यादवी युद्धात लढणाऱ्या ओहायोच्या सैनिकांनी छावणीतच मतदान केलं होतं. ही तिथून आली असेल का, हा आपला माझा भाबडेपणा.

भिंगातून छपाईचे ठिपके दिसत नाहीत, मागून बोट फिरवलं तर अक्षरांचा उठाव लागतो. म्हणजे खिळ्यांची (धातूच्या सुट्या अक्षरांची) छपाई. पण नक्कलही खिळ्यांवर छापता येते ना! कागद चिंध्यांच्या लगद्याचा की लाकडाच्या, हे घरी ओळखता येतं का?

दुसरं म्हणजे, घडीवर कुणीतरी सेलोटेप चिकटवलाय, तो पिवळा पडलाय. आमचे हे हेअर ड्रायर घेऊन सरसावले होते, मी हात धरला. टेप काढावा की तसाच ठेवावा? लॅमिनेशन करू नये एवढं माहीत आहे. जुन्या कागदपत्रांचं काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.